नैरोबी ते लागोस, सव्वातीन दोरे

आमच्या चारकोपच्या बिल्डिंगमधल्या तळमजल्यावरच्या भाऊजींइतकं जग कुणी मोजलं नसेल, आणि त्यांच्याइतकं कमी कुणी पाहिलंही नसेल. तरुणपणी ते गिरणीत तुटलेले धागे जोडायचे. गिरणी गेली, धागा काही सुटला नाही. शर्टाच्या खिशात दोऱ्याचं रीळ आणि काखेत नातवाच्या शाळेचा नकाशासंग्रह घेऊनच ते दूध आणायला निघत. जगाच्या नकाशावर मुंबई ते दिल्ली एवढा दोरा कापायचा, त्याला विमानाचे दोन तास धरायचे आणि त्या तुकड्याने पृथ्वी मोजत सुटायचं, ही त्यांची रीत. कुणी मोबाइलवर अंतर दाखवलं की म्हणत, "तो गेला होता का?" स्वतः भाऊजी कणकवलीच्या पुढे कधी गेले नव्हते.

मी तरी कुठली शहाणी. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, कांजूरमार्गला नणंदेकडे जाऊन ये. तर मी दोन दिवसांच्या भाकऱ्या बांधून निघाले होते. नणंद अजून हसते. अक्कल पुढेही फार वाढली नाही. लेक लागोसला बाळंत होणार आणि विमान नैरोबीला बदलायचं म्हटल्यावर मी सगळ्या बिल्डिंगला सांगून टाकलं, "दोन्ही आफ्रिकेतच, जावई रिक्षा घेऊन येतील न्यायला."

मुलाने कपाळावर हात मारला. "आई, ते दुसरं विमान आख्खी आफ्रिका ओलांडतं. चौसष्टाव्या वर्षी तुला झेपणार नाही. तू जात नाहीस." पहिलटकरीण लेक तिकडे एकटी, आणि मी इकडे तिच्यासाठी केलेले डिंकाचे लाडू बघत बसायचं.

मी रडत खाली गेले, ती भाऊजींना घेऊनच वर आले. त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला, दोन बोटांनी दोरा टाकला. "सव्वातीन दोरे. साडेसहा तास. चढणं-उतरणं एकदाच, त्याचा तास वजा. साडेपाच."

"काका, पृथ्वी गोल आहे, हा नकाशा सपाट," मुलगा म्हणाला.

"तुझा मोबाइल काय गोल आहे? मला सांग, कणकवलीला एसटीने किती तास?"

"दहा-बारा."

"तिथे आई चालते. इथे निम्म्या वेळात, जागेवर जेवण देऊन नेतायत, तर चालत नाही? वहिनी, बॅग भरा."

मी भरली. नातीला पहिली आंघोळ माझ्या हातची झाली. परत आल्यावर भाऊजींना मुद्दाम चिडवलं, "तुमच्या हिशेबाच्या दहा मिनिटं आधीच उतरलं हो." ते शांतपणे म्हणाले, "घाई असेल त्याला."

गेल्या वर्षी भाऊजींना त्यांच्या मुलाने कांजूरमार्गला राहायला नेलं. त्यांचा तो दोऱ्याचा तुकडा माझ्याकडेच राहिला. परवा नकाशावर ठेवून पाहिला, तर चारकोप आणि कांजूरमार्ग दोन्ही मुंबईच्या एकाच ठिपक्याखाली. दोरा टाकायला जागाच नाही. लागोसला जाऊन आलेली मी, वर्षभरात त्या ठिपक्याच्या आत काही जाऊ शकले नाही. कधी गुडघा, कधी पाहुणे. मुलगा म्हणतो, "एवढ्या लांब कशाला? फोन कर ना."

फोन काय, तो गेला होता का?

उद्या सकाळी निघतेय. भाकऱ्या दोन दिवसांच्या बांधल्यात.