माघातला कोबी

माझं लग्न एका शब्दापायी मोडता मोडता राहिलं, असं सांगितलं तर तुम्हाला खरं वाटेल? ऐका तर. चहा गार झाला तरी चालेल, पुन्हा टाकू.

मी मूळचा इंदूरचा. संस्थान विलीन झालं त्या सुमाराला कोल्हापुरात मास्तरकी मिळाली आणि मंगळवार पेठेत आक्कांच्या घरातली मागची खोली भाड्याने घेतली. आक्का म्हणजे आमच्या घरमालकीण. खोलीमागे जरा मोकळी जागा होती. इंदूरला आमच्या घरी अशा जागेला परस म्हणत, आणि झाडांना पाणी घालायला निघालं की म्हणत, परसाकडे जातो. झालं, तुम्ही हसायला लागलात. इकडे परसाकडे जाणं म्हणजे टमरेल घेऊन जाणं, हे तेव्हा मला कुणी असं हसून दाखवलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

माघ लागला तसा मी कागलला मुलगी बघायला गेलो. सुलोचना तिचं नाव. घर शेतकऱ्याचं, खाऊनपिऊन सुखी. तिने पोह्यांची बशी पुढे केली आणि खाली मान घालायची सोडून मलाच विचारलं, "झाडांची आवड हाय का?"

मी म्हटलं, फार. मेथी आणि कोथिंबीर यांतला फरक मला तोवर ताटात आल्यावरच कळायचा. पण मुलगी मनात भरली होती, त्याला काय करणार? तिचे वडील, आबा, म्हणाले की विचार करून कळवतो. म्हणजे चौकशी होणार. परत आल्या आल्या मी परसात कोबीची रोपं लावली. आक्का म्हणाल्या, आत्ता कशाला लावताय? मी म्हटलं, शुभस्य शीघ्रम्. कोबी दिवाळीच्या आगेमागे लावतात, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. कोबीला आधीच कळलं असावं, कारण तो नुसती पानं पसरून बसला.

सुलोचनाच्या मामांची शाहूपुरीत गुळाची अडत होती. एके दिवशी त्यांनी मला चहाला बोलावलं. म्हटलं, हीच ती चौकशी. आज आपली आवड यांच्या मनावर ठसवायची.

"काय मास्तर, काय चाललंय सध्या?" मामांनी विचारलं.

"विशेष काही नाही. सकाळ-संध्याकाळ परसाकडे."

मामांनी बशी खाली ठेवली. "रोज?"

"रोज. रविवारी तर दुपारीसुद्धा. मन दुसरीकडे लागतच नाही."

"लई दिस झालं?"

"माघापासून. एकदा सुरू झालं की सुटत नाही."

"मग आता कसं काय हाय?"

"अजून तरी नुसतं पाणीच चाललंय. घट्ट असं काही धरत नाही."

मामा जरा जवळ सरकले. "कुणाला दावलं का न्हाय?"

"आक्का बघतात ना रोज खिडकीतून. आणि काळजी करू नका, आमच्या वडिलांचंही असंच होतं. शेवटपर्यंत. लग्न झालं की सुलोचनालाही लावीन. जोडीनं जाऊ."

मामांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं, त्यांना गहिवरून आलं. मी खूश होऊन घरी आलो.

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या हमालाने एक पुडी आणून दिली. डाळिंबाच्या सालीची पूड. सकाळ-संध्याकाळ ताकातून द्यायची, मामांनी सांगितलंय. मी म्हटलं, शेतकऱ्याच्या घरचं ज्ञान आहे, उगीच नसेल. लगेच ताक केलं आणि वाटी-वाटी करून सगळ्या कोबीला पाजलं. हमाल पुन्हा गुण विचारायला आला तेव्हा मी खरं ते सांगितलं, की गुण नाही, पण मुंग्या फार लागल्यात.

हा निरोप कागलला पोचला आणि आबा स्वतः आले. नकार द्यायला आले होते, हे मला मागाहून कळलं. बिचारे सज्जन माणूस. खुर्चीच्या कडेवर बसून घसा खाकरत होते, सुरुवात होईना. शेवटी मीच म्हटलं, "चला आबा, परसाकडे जाऊन येऊ."

"मी सकाळीच जाऊन आलोय," आबा म्हणाले.

"मग माझं तरी बघा."

आबा उठले ते दाराकडे निघाले. मुलगी हातची चालली एवढं मला कळलं, कशामुळे ते कळेना. मी त्यांचा हात धरला. ते सोडवू बघतात, मी ओढतोय. ही झटापट आक्का खिडकीतून बघत होत्या. त्यांना काय उलगडलं कोण जाणे, पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अवो पावणं, परसाकडं न्हवं. परसात. मास्तरांनी कोबी लावलाय."

आबा थांबले. परसात आले. तिथे आंबट ताकाचा वास सुटला होता. मुंग्यांची रांग ओलांडून ते कोबीशी उकिडवे बसले. पानं उलटीपालटी करून पाहिली, आत बोट घालून चाचपलं. गड्डा कुठेच नव्हता.

"कवा लावला?"

"माघात," मी म्हटलं. हे उत्तर महागात पडणार, असं त्यांच्या तोंडाकडे बघून वाटलं. सुलोचना डोळ्यांपुढे आली.

आबांनी हात झाडले.

"पोरगी देतो," शेवटी म्हणाले. "परसातलं तिचं ती बघंल. तुमी आपलं परसाकडं तेवढं जावा."

आजतागायत मी तेवढंच करतो आहे.