कलमी गाडीचे भाऊजी

आमचे थोरले भाऊजी, म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मोठे भाऊ, दुसऱ्याच्या गाडीत बसले की उजवा पाय आपोआप खाली दाबत. तिथे ब्रेक नसला तरी. रत्नागिरी स्टँडपासून आमच्या घरापर्यंतच्या रिक्षाप्रवासात त्यांनी कितीतरी अपघात असे टाळले आणि श्रेय कधी मागितलं नाही.

ते अमेरिकेत राहत. तेही डोंगरात, जिथे निम्मं वर्ष बर्फ पडतं आणि उरलेलं निम्मं वर्ष लोक त्याबद्दल बोलतात. दर दोन वर्षांनी मे महिन्यात यायचे. आंबे खायला येतात असा आमचा समज होता. आंबे ते खातच. पण मुख्यतः येत ते आमचे रस्ते कसे आहेत हे आम्हाला सांगायला. इतकी वर्षं त्याच रस्त्यांवरून जाऊनही आमच्या ते लक्षात आलं नव्हतं.

दोन हजार सहाच्या मे महिन्यात ते एक अल्बम घेऊन आले. लोक मुलाबाळांचे फोटो आणतात. भाऊजींनी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे गाडीचे आणले. गाडी समोरून, गाडी बाजूने, गाडी बर्फाखाली, बर्फ खरवडल्यावर तीच गाडी.

"ही हायब्रीड आहे," ते म्हणाले.

आमच्याकडे हायब्रीड म्हणजे बियाणं. सासूबाईंनी चष्मा सारखा केला. "म्हणजे कलमी?"

"तसं नव्हे गो आई. हिला पेट्रोलचं इंजिन आहे आणि बॅटरीवरची मोटरपण आहे. दोन्ही एकात."

"तेच ते. खाली रायवळ, वर हापूस. कलम लवकर धरतं रे, पण त्याची मुळं खोल जात नाहीत."

झालं. गाडी सातासमुद्रापलीकडे, पण तिचं बारसं आमच्या पडवीत झालं. शेजारच्या इब्राहिमचाचांनी कुवेतला वर्षानुवर्षं गाड्या चालवल्या होत्या. ते भाऊजींना कुंपणाच्या गडग्यावरून विचारायचे, "काय रे, कलमी गाडीला फवारणी कधी करतोस?" भाऊजी गंभीरपणे सर्व्हिसिंगची माहिती द्यायचे. विनोद कळायला त्यांना बर्फातल्यासारखा चारही चाकांचा जोर लावावा लागे.

"सात माणसं बसतात हिच्यात," असंही ते सांगत.

"कोण कोण बसतं?" मी विचारलं.

"सध्या मीच." मग सासूबाईंकडे वळून, "आई, तू चल. कायमची चल. तुला काही कमी पडणार नाही."

सासूबाई म्हणाल्या, "बघू."

आमच्याकडे 'बघू' म्हणजे 'नाही'. हे लहान पोरालाही कळतं. भाऊजी इतकी वर्षं बाहेर राहिले की त्यांना वाटलं, आई खरोखरच बघणार आहे. त्यांनी तिकिटं पाठवली, तीही डिसेंबरची. उन्हाळ्यात गाडी दाखवून उपयोग काय? आमच्या ह्यांच्या मागे मोहोरावरची फवारणी होती, म्हणून सासूबाईंबरोबर मी गेले.

गाडी झकास होती, खोटं कशाला बोलू? फक्त उंच इतकी, की गुडघेदुखीच्या बाईला आत चढवायला भाऊजींना स्वयंपाकघरातलं स्टूल आणावं लागलं. पुढे एका पडद्यावर बाण दिसायचे: आता पेट्रोल, आता बॅटरी. भाऊजी रस्त्यापेक्षा त्या बाणांकडे जास्त बघत. "ब्रेक दाबला की बॅटरी भरते," त्यांनी सांगितलं.

"म्हणजे थांबलं की कमाई," सासूबाई म्हणाल्या. "आपल्या ग्रामपंचायतीसारखं."

एका रविवारी ते आम्हाला वरचा घाट दाखवायला घेऊन निघाले. दोन्हीकडे बर्फाच्या भिंती. एका चढावर पुढची गाडी थांबली, भाऊजी थांबले आणि इंजिन आपोआप गप्प झालं. सासूबाईंनी सगळा जन्म आमच्या घाटांतून ये-जा करण्यात काढलेला. चढावर इंजिन गप्प झालं की पुढे काय करायचं, हे त्यांना विचारावं लागत नाही.

"अगो, बघतेस काय? उतर! चाकाखाली दगड लाव!"

"आई, बंद नाही पडली. ती अशीच थांबते."

"दगड लावू दे तिला आधी, मग शिकव मला."

मी उतरले नाही. दगड होताच कुठे?

घाटमाथ्यावर मात्र सासूबाईंनी गाडी थांबवायलाच लावली. पिशवीतून नारळ काढला. भाऊजींच्या गावातल्या एकमेव भारतीय दुकानातून त्यांनी तो गुपचूप आणवला होता, माझ्याकडूनच. "घाटाला राखणदार असतो. इकडचा असेल, पण असतो. त्याला गाऱ्हाणं घाल, वाट सुखरूप दे म्हणून."

भाऊजींनी नारळ आपटला. तो बर्फात शिरला आणि नुसतं भोक पडलं. दुसऱ्यांदा आपटला, दुसरं भोक. शेवटी गाडीच्या मागच्या ओढायच्या हुकावर फोडावा लागला. नारळाच्या प्रत्येक ठोक्याला भाऊजींचा चेहरा बघण्यासारखा होत होता.

मग हातमोजे काढून त्यांनी हात जोडले. मला वाटलं होतं, विसरले असतील. नव्हते.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरं तुझ्या घाटात आली..."

"व्हय म्हाराजा!" आम्ही दोघी म्हणालो.

"त्यांच्या वाटेतली इडापिडा दूर कर..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि माझ्या आईला इथेच सुखाने माझ्याकडे राहू दे, म्हाराजा."

मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. हा होकार माझा नव्हता. सासूबाई समोर बघत राहिल्या. गाऱ्हाण्यात होकार देणाऱ्याने गप्प राहायचं नसतं. पण खोटा होकार तर मुळीच द्यायचा नसतो. भाऊजींचे हात थंडीने लाल झाले होते. त्यांनी ते खाली घेतले नाहीत. वाट बघत राहिले. या वेळी मात्र त्यांना कळलं.

"पुढचं म्हण, बाबा," सासूबाई हळूच म्हणाल्या.

भाऊजींनी जोडलेले हात कपाळाला लावले. "आणि सगळ्यांना आपापल्या घरी सुखरूप पोचव, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सासूबाई म्हणाल्या. मग नारळाची एक वाटी भाऊजींच्या हातात ठेवली आणि दुसरी आपल्या पदरात गुंडाळून घेतली.