जवारीच्या कोठीवरची आगगाडी

नव्वदच्या आसपास ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या जावयाने परदेशातून आणलेली छोटी आगगाडी माझ्याकडे आली. एक इंजिन, चार डबे, रुळांचे अठ्ठावीस तुकडे आणि एक ट्रान्सफॉर्मर. रूळ मी सहा बाय चारच्या प्लायवूडवर स्क्रूने बसवले. जालन्यातल्या आमच्या घरात ते ठेवायला जागा एकच होती, कोठीघरातल्या धान्याच्या दोन पत्र्याच्या कोठ्यांवर. बायकोने परवानगी दिली, कारण रोजची जवारी खालच्या तोंडातून निघायची.

मला गाडी चालवायला रविवारची दुपारच मिळे. संध्याकाळी लाईट जायची. आणि दुपारी एक ते तीन वडील शेजारच्या खोलीत झोपत. इंजिन वीतभर असलं तरी आवाज पिठाच्या गिरणीसारखा होता. तिसऱ्या रविवारी वडील उठून आले आणि म्हणाले, "पाडव्यापर्यंत हिचा आवाज कमी कर. न्हाई तर हिला माळ्यावर टाक."

पाडव्याला सात रविवार होते. आवाज मोजायचं यंत्र नव्हतं, म्हणून मी रीत ठरवली. बायकोने गाडी चालू करायची, मी दारापासून गल्लीत उलटं चालत जायचं आणि ऐकू येईनासं झालं की थांबायचं. पहिला आकडा आला चौतीस पावलं. शेजारणीने बायकोला विचारलं की साहेबांनी काही नवस बोललाय का. बायको म्हणाली, आगगाडीला बोललाय.

वहीत मी नियम लिहिला होता: एका वेळी एकच बदल. चाकांना शिलाई मशीनचं तेल घातलं, तेहतीस. रुळांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घातल्या, एकतीस. स्क्रू काढून रूळ नुसते चिकटवले, सत्तावीस. स्क्रूमधून हादरा फळीत उतरतो हे मला पटलं होतं, पण सत्तावीस पावलांवर वडील झोपणार नव्हते. त्यांची बाज चार पावलांवर होती.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी वाटूरकडच्या आमच्या शेतातून पाच क्विंटल जवारी आली. कोठ्या भरायला फळी उचलावीच लागणार होती. उचललीच आहे तर खाली जुनं घोंगडं अंथरावं, असं मला सुचलं. संध्याकाळच्या आत कोठ्या भरल्या, घोंगडं घातलं, फळी ठेवली आणि गाडी सोडली. अकरा पावलं. मी दोनदा चालून पाहिलं. वहीत लिहिलं, "घोंगडं: सोळा पावलांचा फायदा," आणि खाली दोन रेघा मारल्या. पाडव्याला वडील गाडी चालू असताना घोरले. ऑफिसात मी तिघांना घोंगड्याची शिफारस केली.

ज्येष्ठात चौदा पावलं झाली, आषाढात सतरा. घोंगडं दबलं असेल म्हणून झटकलं, उन्हात टाकलं, शेवटी दुसरं आणलं. श्रावणात एकोणीस. वडील कूस बदलू लागले. एका सकाळी बायको दळणासाठी जवारी काढत होती आणि मी फळीखाली मान घालून बसलो होतो. ती म्हणाली, "अहो, घोंगड्यात काय शोधून राह्यलात? कोठी भरली व्हती तवा गाडी गप व्हती. आता निम्मी झाली."

मी गाडी चालू केली आणि कोठीच्या पत्र्यावर हात ठेवला. खाली धान्य होतं तिथे पत्रा गप्प, वर पोकळीपाशी थरथरत होता. म्हणजे माझ्याच नियमाविरुद्ध मी एका दिवशी दोन बदल केले होते आणि वहीत एकच मांडला होता. जवारी ही रेल्वेची बाब आहे असं मला वाटलंच नव्हतं.

वडिलांना सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण ज्या आकड्यावर गाडी माळ्यावर जायची वाचली, तो घोंगड्याचा नव्हताच. मी वही दाखवून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "म्हंजी आम्ही भाकरी खातो तशी तुझी गाडी बोंबलती. मंग काय, उपाशी मरावं?"

माळ्याचा विषय मात्र त्यांनी काढला नाही. पुढच्या रविवारी आडवं होण्याआधी ते कोठीपाशी गेले आणि निम्म्या उंचीवर बोटाने ठोकलं. आवाज भद्द आला. म्हणाले, "इथं भद्द वाजंल तवर चालव."

त्या दिवसापासून मी भाकरी सोडून भात खाऊ लागलो. हिशेब सरळ होता: माझ्या रोजच्या चार भाकऱ्या वाचल्या तर कोठी आणखी दोन रविवार टिकेल. बायकोने कारण विचारलं, मी पित्ताचं सांगितलं. तिने विश्वास ठेवला नाही, पण भात वाढला.

महालक्ष्म्यांच्या सणाला तिच्या माहेरची नऊ माणसं तीर्थपुरीहून आली आणि पाच दिवस राहिली. सणाच्या दिवशी पुरण होतं. बाकीचे चार दिवस मी पंगतीत भाताचं पातेलं घेऊन फिरलो, आग्रहाने वाढलं. मेव्हणा म्हणाला, "दाजी, तो भात आजाऱ्याला ठिवा. ताई, गरम भाकर आण, बराबर दोन." बायकोने माझ्याकडे बघत तीन आणल्या.

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. वडील कोठीपाशी आले. बोटाने ठोकलं. पत्रा ठणकन वाजला. त्यांनी जरा खाली ठोकलं, आणखी खाली ठोकलं, आणि बाजेवर जाऊन पडले. मी फळीवर चादर टाकली आणि स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हटलं, मला आता भाकरीच वाढ.