कर्दळीच्या पानाखालचा फेस

माझ्या लग्नात मामाने रुखवतात साबणाची वडी ठेवली, तिथून सगळं सुरू झालं. मामा मुंबईला एका पेढीवर कारकून होता, त्याला वाटलं भाचीचं नाव होईल. गुलाबी, विलायती वडी, आणि वास असा की मांडवातल्या बायका लाडू सोडून तिच्याकडे वळायच्या. नाव झालं खरं! साबणात चरबी असते असं तेव्हा घरोघर बोललं जाई. आमच्या सासूबाईंनी ती वडी चिमट्याने उचलली, पळसाच्या पानात गुंडाळली आणि परसात तगरीखाली पुरून टाकली. मी बारा वर्षांची होते. न्हाताना शिकेकाई डोळ्यांत गेली की मी त्या तगरीकडे बघून उसासा टाकायचे, आणि ते त्यांच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं.

सासर ठाण्याला, माहेर कल्याणला. वैशाखात लग्न झालं, त्यानंतर आईचं तोंड पाहिलेलं नव्हतं. श्रावण लागला आणि वडिलांचा निरोप आला, पहिली मंगळागौर माहेरी करायची, सोमवारी दादा न्यायला येतोय. मी त्याच दिवशी बोचकं बांधून मोकळी झाले.

परसात एक लहानसं बांधीव तळं होतं. त्यातली कमळं श्रावणात शंकराला जायची, म्हणून त्या पाण्याला सासूबाई कुणाचा हात लागू देत नसत. एका सकाळी त्या फुलं काढायला गेल्या आणि तिथूनच त्यांनी मला हाक मारली. आवाजावरूनच कळलं, काहीतरी बिनसलंय. काठावरच्या कर्दळीचं एक पान पाण्यावर झुकलं होतं, आणि त्याच्या खालच्या अंगाला मूठभर पांढराशुभ्र फेस चिकटलेला होता.

त्यांनी फेसाकडे पाहिलं, मग माझ्या केसांकडे.

"उकरून काढलीस ना ती वडी?"

मी नाही म्हटलं, तुळशीची शपथ घेतली, आईची घेतली. पण सासूबाई एकदा बोलल्या की बोलल्या. तळं बाटलं, ते सोमवारी गड्याकडून उपसून घ्यायचं. आणि देवाच्या पाण्यात जी सून चरबी कालवते तिची मंगळागौर कसली, तिला पाठवायची नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रडायचं सोडून मी भांडायलाच उभी राहिले. हा माझा स्वभाव, सत्तरी आली तरी गेलेला नाही.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, वकील. त्यांनी ओसरीवरूनच सांगितलं की आधी वडी जागेवर आहे का ते बघा. तगरीखाली उकरलं तर वडी तिथेच, पावसाने फुगून लिबलिबीत झालेली, पण अख्खी. मला वाटलं, सुटले बाई. तर सासूबाई म्हणाल्या, ज्या मामाने एक दिली तो दुसरीही देईल. यावर मामंजींसारखा वकीलसुद्धा उठून आत गेला.

मग मीच ठरवलं, हा फेस आहे तरी काय ते शोधून काढायचं. रिठ्याचा फेस मी लहानपणापासून पाहिलेला. ऊन लागलं की तो बसतो. हा दुपार टळली तरी ताठ! दुसऱ्या दिवशी तर वरून पिवळट पापुद्रा धरला, दुधावर साय धरते तसा. तुळशीला पाणी, गाईला चारा, पडलेली फुलं, ज्या कामाचं निमित्त मिळेल ते करून मी परसात पळायचे. शेवटी धीर करून एका काडीने पापुद्रा उचकटला. आत मोहरीएवढे पांढुरके दाणे होते, शेकड्यांनी.

अंडी. कुणाची तरी अंडी होती ती. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि आनंद असा झाला की तिथल्या तिथे एक गिरकी घेतली.

पण कुणाची? आमच्याकडे अंडं हा शब्दही कुणी उच्चारत नसे, विचारायचं कुणाला? पालीची अंडी मला ठाऊक होती, देवघराच्या फडताळामागे सापडायची, टणक, चुन्याच्या गोळीसारखी. ही तशी नव्हती. कल्याणला घरामागच्या डबक्यात बेडकाची अंडी पाहिली होती, पण ती पाण्यात, काळ्या टिपक्यांची, बुळबुळीत. म्हणजे बेडूक नव्हे. माशाची म्हणावी तर मासा पानावर चढणार कसा? गोगलगाय म्हणावी तर ती एवढा फेस आणणार कुठून? वाढताना माझं लक्ष नसायचं, एकदा तर मामंजींच्या ताकात दोनदा मीठ घातलं. रविवारी पाहिलं तर दाण्यांना बारीक शेपट्या आल्या होत्या आणि त्या वळवळत होत्या. मी धावत जाऊन सासूबाईंना सांगितलं की आत जीव आहेत. सोंगं पुरे, म्हणाल्या.

सोमवारी दादा आला. त्याला पाणी दिलं आणि तिथेच सांगितलं गेलं, मुलगी येणार नाही. त्याचा चेहरा बघवेना. परसात गडी बादल्या घेऊन उभा, सासूबाई गोमूत्राचं भांडं घेऊन, मामंजी मागच्या दारात. बारीक भुरभुर चालू होती. गड्याने पान तोडायला हात घातला आणि मी धावत जाऊन देठच धरला. मामंजींसमोर सुनेने तोंड उघडायचं नसतं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

"थांबा. आधी बघा, मग उपसा."

फेस सैल होऊन लोंबायला लागला होता. त्यातून एक थेंब सुटला, टपकन पाण्यात पडला आणि पोहायला लागला. मग दुसरा, मग एकामागून एक. आपण पाहतो ते खरं का, असं मला झालं. सासूबाई वाकल्या. कुत्र्याची सावली पडली तर पुन्हा आंघोळ करणारी ती बाई, तिने त्या फेसाखाली हात धरला. तळहातावर एक पडलं, एवढंसं, करडं, मोठ्या डोक्याचं, शेपूट हलवणारं.

"हे तर बेडकाचं पिल्लू," त्या हळूच म्हणाल्या.

मग त्यांनी मान वळवून न्हाणीघराकडे पाहिलं. तिथल्या भिंतीला एक तपकिरी, सडपातळ बेडकी बोटं चिकटवून बसलेली असायची, आणि त्या तिला रोज केरसुणीने हाकलायच्या. झाडावर, भिंतीवर चढणारी जात ती. पानावर अंडी घालणारी दुसरी कोण असणार?

"अगबाई, जागा शोधत होती होय गं ती." त्यांनी ओंजळ अलगद पाण्यात सोडली आणि गड्याला दटावलं, "बादल्या ने परत. बाळंतिणीचं घर कुणी उपसतं का?"

आत गेल्या, माझं बोचकं आणून दादाच्या हातात दिलं आणि वर आईसाठी खण-नारळ ठेवला. माझा जीव भांड्यात पडला.

कल्याणला मंगळागौर झोकात झाली. फुगड्या घालून पाय मोडून आले. पण माझं चित्त थाऱ्यावर कुठलं? गौरी-गणपतीपर्यंत राहायचं ठरलं होतं, श्रावण सरता सरता मीच परत पाठवा म्हणून मागे लागले. आळीभर हसू झालं, पोरीला नवऱ्याची ओढ लागली म्हणून. ज्या नवऱ्याशी मी अजून चार शब्द बोलले नव्हते! आई मात्र हसली नाही. तिने जवळ घेऊन विचारलं, तिथे सुखात आहेस ना गं. मी हो म्हटलं, आणि म्हटल्यावर मला कळलं की ते खरं आहे.

ठाण्याला दारात पोचले. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळायचा, पायांवर पाणी घालायचं. त्यांना कसलीच आठवण नव्हती. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला तशीच घरातून मागे तळ्याकडे ओढत नेलं.

"चल, आधी बघ. पाय फुटले."