माझ्या गाण्यातला कांदा

मी ख्रिस्ती गाणी लिहिते, त्यांना चाली लावते आणि पेटी घेऊन गाते. पोट त्यावर चालत नाही, ते शाळेतल्या नोकरीवर चालतं; पण जगणं मात्र गाण्यावर चालतं. इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी पेटी वाजू लागली की समोरच्या काकू देवापाशी दिवा लावून दारात येऊन उभ्या राहतात. "देव कुणाचाही असू दे, चाल गोड आहे," हा त्यांचा ठरलेला शेरा. मला तो कुठल्याही शालीहून प्रिय आहे.

गाणं सुरू करण्यापूर्वी मी डोळे मिटून म्हणते, "प्रभू, यातला गौरव सगळा तुझा." लहानपणी आईने लावलेली सवय. माझा नवरा यावर हसतो. त्याचं म्हणणं, मी गौरव देवाला देते आणि नाव तेवढं स्वतःकडे ठेवते. उपासनेच्या छापील कागदावर 'गीत व संगीत' यापुढे माझं नाव नसलं की माझा चेहरा कसा उतरतो, त्याची तो नक्कल करून दाखवतो. नक्कल हुबेहूब असते, म्हणून जास्त राग येतो.

गेल्या थंडीत सायखेड्याच्या छोट्या मंडळीने हंगामाच्या सणाला मला गायला बोलावलं. या सणाला शेतातलं पहिलं पीक देवाला आणायचं असतं. कुणी मेथीच्या जुड्या आणतं, कुणी कोंबडी, कुणी तांदळाची पिशवी. उपासना झाली की अंगणात या सगळ्याचा लिलाव होतो आणि आपण आणलेला भोपळा शेजाऱ्याने चढ्या बोलीने घेतला की माणसं महिनाभर खूश असतात. शेत नसलेल्या माझ्यासारखीने काय आणायचं? मी गाणं नेते. तेव्हाही माझं सगळ्यात लाडकं गाणं नेलं होतं:

रिकामी आणली टोपली दारी,
तूच भरली रे, तूच भरली.

पुढे 'द्राक्षांचा घड तुझ्या चरणी' अशी ओळ होती. या ओळीवर माझा भारी जीव. द्राक्षवेल पवित्र शास्त्रातही आहे आणि नाशकातही, असा दोन्हीकडून जुळलेला शब्द रोज सापडत नाही. हे गाणं काही वर्षांपूर्वी मी नाशिकच्या महिला मेळाव्यात गायलं होतं. आता ते स्टुडिओत रेकॉर्ड व्हायचं होतं, आणि अल्बमच्या मुखपृष्ठावर नाव किती मोठं असावं यावर घरात चर्चा चालू होती. चर्चा म्हणजे मी बोलत होते.

मी आणि नवरा वेळेआधीच पोचलो. देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) एक म्हाताऱ्या बाई वेदीपुढे भाज्या मांडत होत्या. मी पेटी उघडली, प्रार्थना केली आणि सरावाला ते गाणं सुरू केलं. संथ चालीतलं, अगदी जीव ओतून. दुसऱ्या ओळीलाच बाईंनी हातातली वांगी खाली ठेवली.

"ताई, चाल चुकली तुमची."

मला वाटलं, ऐकण्यात काही गफलत झाली. "चुकली?"

"लय रडकं म्हणता. असं नाय ते." आणि त्यांनी टाळ्या वाजवत माझंच गाणं धावत्या भजनी ठेक्यात म्हणून दाखवलं. द्राक्षांची ओळ आली आणि त्या ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "कांद्याची पात तुझ्या चरणी."

माझं डोकं तापलं. "तिथे द्राक्षांचा घड आहे," मी म्हणाले.

"द्राक्षं बागाईतदाराची. आपल्याकडं कांदाच हाय. जे नाय ते देवाला कुठून देणार?"

मागच्या बाकावर नवरा रुमालात तोंड खुपसून बसला होता. त्याचे खांदे हलत होते.

"पण हे लिहिलंय कुणी, ठाऊक आहे का?" मी विचारलं. आवाज चढलाच होता.

"लिहायचं काय त्यात? जुनं गाणं हाय. माझी सासू शेतात निंदताना हेच म्हणायची. अंथरुणाला खिळली तवाबी हेच. गेली, तवा मातीपाशी आम्ही समद्यांनी हेच म्हटलं." त्यांनी वांगी पुन्हा उचलली. "रडत नाय म्हटलं. असंच, टाळ्या वाजवून."

मेळाव्यातून कुणीतरी ते गाणं इथवर आणलं होतं, आणि मला ठाऊक नसलेली एक बाई ते ओठांवर घेऊन गेली होती. मला फार आनंद झाला. आणि थोडं वाईटही वाटलं, कारण माझं नाव वाटेतच कुठेतरी गळून पडलं होतं.

उपासना सुरू झाली. गाणं कुणाचं, हे पाळकसाहेबांना ठाऊक होतं. ते हसत उभे राहिले. "आता जे गीत आपण गाणार आहोत, त्याबद्दल एक आनंदाची गोष्ट सांगतो…"

याच वाक्याची तर मी आयुष्यभर वाट बघत होते. समोर बाई टाळ घेऊन तयार बसल्या होत्या, सासूचं गाणं म्हणायला. मी पाळकसाहेबांच्या झग्याची बाही ओढली.

"गोष्ट राहू द्या," मी हळूच म्हणाले. "या मावशींना पुढे बोलवा. मला चाल नीट येत नाही."

मग मावशी गायल्या आणि मी त्यांच्यामागे पेटी पळवत राहिले. दोनदा ठेका चुकले. दोन्ही वेळा त्यांनी माझ्याकडे बघितलं, चौथीतल्या मुलाकडे मी बघते तसं. सगळं देऊळ टाळ्या वाजवत होतं आणि कांद्याची पात प्रभूच्या चरणी आनंदाने पडत होती.

लिलावात नवऱ्याने मावशींच्या कांद्यांवर बोली लावली आणि ते मिळवलेच. निघताना मावशींनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"जमंल तुला. पुढच्या सालाला चाल पक्की करून ये."

"करते," मी म्हणाले.

गाडी सुरू होताच नवऱ्याने विचारलं, "मग, गीत व संगीत कुणाचं?"

मांडीवर कांद्यांची पिशवी होती. मी डोळे मिटले आणि लहानपणापासून म्हणत आलेलं ते वाक्य म्हटलं. त्या दिवशी तो हसला नाही. मग इंदिरानगर येईपर्यंत मी टाळ्या वाजवत चाल पक्की करत राहिले.