पोटदुखीवरचं ताक

डॉक्टरांनी माझा गहू बंद केला तेव्हा आई मनातून खूश झाली. आम्ही मूळचे परभणीकडचे, पण तेलुगू मुलखात, कुकटपल्लीत राहून पोळ्यांना सोकावलेलो. आता घरात पुन्हा ज्वारी येणार होती. लेकीला गव्हातलं ग्लूटेन चालत नाही, हे तिने अख्ख्या बिल्डिंगला तेलुगूत समजावलं आणि रोज टम्म फुगलेल्या भाकऱ्या करायला लागली.

तरी माझं पोट दुखायचंच. गंमत म्हणजे ऑफिसात बिर्याणी चापली तरी काही होत नसे. घरी जेवले की पोट धरून बसायची पाळी.

"ती मैद्याची उस्मानिया बिस्किटं खाल्लीस ना? खरं सांग," आई दरडावायची.

"कायकू खाऊ गं मी?" मी भडकायचे. मग दोघींचेही गाल फुगलेले.

एकदा मात्र ती बाबांना हळूच म्हणाली, "माझ्या हातचंच बाधतंय की काय लेकराला?" ते ऐकून मला फार वाईट वाटलं. मग मी दुखणं लपवायला लागले, पण आईला चेहऱ्यावरून कळायचंच. लगेच पेलाभर ताक, त्यात सढळ हाताने हिंग. पोटदुखीवर आमच्याकडे दुसरं औषध नाही. त्याने दुखणं वाढायचं, म्हणून आणखी ताक.

वर्षाचा मसाला आणायला आम्ही बेगम बाजारात गेलो. हिंग घरी आला की आई तो डबीत ओतून पाकीट फेकून द्यायची, त्यामुळे ते कधी कुणी वाचलंच नव्हतं. ती मिरच्यांचा भाव पाडत होती आणि हिंगाचं नवं पाकीट माझ्या हातात होतं. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, गव्हाचं पीठ.

"आई, तुझ्या औषधात कणीक आहे!"

तिने पाकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फिस्सकन हसली. मग मीही सुटले. दुकानदार विचारतोय, "क्या हुआ अम्मा, मिर्ची लगी क्या?" आणि आमचं हसू काही आवरेना.

दुसऱ्या दिवशी वरणाला हिंगाशिवाय नुसती लसणाची फोडणी पडली. मी पोटभर जेवले. दुपारभर आई माझ्या आगेमागे घुटमळत होती. पोट एकदम शांत! संध्याकाळी मला पुन्हा भूक लागली, तशी ती पदराला हात पुसत जवळ येऊन बसली.

"माझ्या हातचं चालतंय ना गं तुला?"

मी ताट पुढे केलं. ती डोळे पुसत वाढत राहिली आणि मी खात राहिले.