फागूची सायकल

झारखंडातल्या रामगडचा आमचा फागू बेदिया फार श्रीमंत माणूस. त्याच्या चुलीखाली साठ फूट कोळसा आहे, असं सरकारी नकाशाच म्हणतो. त्या कोळशाची वीज त्याच्या छपरावरून शहराकडे जाते. वाटेत उतरायला तिला सवड नसते. बापाची जमीन खाणीत गेली, त्याला विकास म्हणतात. त्याच खाणीच्या कडेचा कोळसा फागू वेचतो, त्याला चोरी म्हणतात.

हा चोर दोन क्विंटल कोळसा सायकलवर लादतो आणि घाट चढत दोन दिवस ढकलत रांचीला नेतो. अशा सायकलचं पेडल आणि चेन आमच्याकडे आधीच काढून टाकतात.

यंदा त्याच्या पोरीला, करमीला, शाळेतून नवी निळी सायकल मिळाली. महिन्याने शिक्षण खात्याचे साहेब शाळेच्या पाहणीला आले, तर सायकलला पेडलच नाही.

"फागू, ही पोरीला शाळेत जायला दिली होती ना?"

"जाते की साहेब, रोज ढकलत नेते. जाताना एक पोतं कोळसा शाळेच्या चुलीला टाकते. तुम्ही आत्ता खिचडी खाल्लीत, ती त्यावरच शिजली."

साहेबांनी तोंड पुसलं. "अरे, पण पेडल का काढलंस?"

फागूने लुंगी गुडघ्यापर्यंत उचलली. दोन्ही नडग्यांवर जुने काळे वण होते.

"ढकलताना पेडल इथे लागतं, साहेब. पोरीची जात आहे, म्हणून पहिल्याच दिवशी काढून टाकलं."